चिकाटीनंतर हाती काय उरतं?

गावच्या वेशीवर ‘जिद्द, चिकाटी आणि अथक परिश्रमांच्या जोरावर’ असं लिहिलेला फ्लेक्स लागला, की पुढचं न वाचताही कळतं. खाली हार घातलेला फोटो असतो आणि नावापुढे तहसीलदार, पोलीस उपनिरीक्षक किंवा राज्यकर निरीक्षक असं पद असतं. ही मुलं त्या कौतुकाला पुरेपूर पात्र असतात. खोली घेऊन राहून, स्पर्धा परीक्षेसाठी दिवसाला दहा-बारा तास एका जागी बसून, सण-समारंभ चुकवून त्यांनी ते मिळवलेलं असतं. पण त्याच खोलीत, शेजारच्या कॉटवर आणखी दोघं राहत होते. त्यांनीही तीच पुस्तकं तितक्याच वेळा वाचली, त्याच मेसमध्ये जेवले, त्याच टेस्ट सिरीज सोडवल्या. त्यांच्या चिकाटीचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणी जात नाही. यादीत नाव आलं तर चिकाटी. नाही आलं तर तोच गुण घरच्यांच्या बोलण्यात ‘हट्ट’ होतो आणि आणखी दोन वर्षांनी ‘वय वाया घालवणं’ होतो.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. काही कामांत माणूस वर्षानुवर्षं चिकटून राहिला आणि शेवटी हरला, तरी प्रत्येक वर्ष मागे काहीतरी ठेवून जातं. एखादं कसब, पूर्ण झालेलं काम, लिहिलेली पानं, जोडलेली माणसं. काही कामांत मात्र शेवटचा निकाल हाती आला नाही, तर आधीची सगळी वर्षं कागदावर कोरीच राहतात. स्पर्धा परीक्षांची आजची रचना या दुसऱ्या जातीची आहे. आपण लाखो मुलामुलींना पहिल्या जातीच्या माणसांच्या गोष्टी सांगतो आणि दुसऱ्या जातीच्या कामात ढकलतो. याची जबाबदारी मुलांवर कमी आहे. राज्यकर्ते, आयोग, क्लासवाले आणि घरातली आपण मोठी माणसं यांच्यावर ती जास्त आहे.

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या भागात सकाळी लवकर फिरलं तर हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. पाठीवर सॅक आणि हातात पाण्याची बाटली घेतलेली मुलं अभ्यासिकेचं शटर वर जायची वाट पाहत उभी असतात. आत प्लायवूडच्या आडोशांनी तोडलेली टेबलं, प्रत्येकाच्या वाट्याला दोन-अडीच फूट जागा. खुर्चीला नाडीने बांधलेली उशी घरून आणलेली असते. आडोशावर सेलोटेपने लावलेलं दिवसाचं वेळापत्रक, त्याखाली पेन्सिलीने लिहिलेले मागच्या तीन-चार वर्षांचे कटऑफ. मोबाइल लॉकरमध्ये. अकराला चहा, एकला मेस, आणि रात्री दिवे बंद होईपर्यंत तीच खुर्ची. या मुलांचे निबंध आणि सरावाच्या उत्तरपत्रिका तपासून देण्याच्या निमित्ताने माझा त्यांच्याशी बरीच वर्षं संबंध आहे. इतकी शिस्तीची, साधी राहणारी, कमी गरजांत भागवणारी मुलं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. म्हणूनच मला हे सगळं सलतं.

परभणीकडच्या एका मुलाची वही अजून डोळ्यांपुढे आहे. पंचायत राजचं प्रकरण. मूळ मजकूर निळ्या शाईत, समासात लाल शाईत दुसऱ्या वर्षीच्या टिपा, ओळींच्या मधल्या जागेत हिरव्या शाईत तिसऱ्या वर्षीच्या. चौथ्या वर्षी जागाच उरली नाही म्हणून पिवळ्या चिठ्ठ्या. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, तिची कलमं, ग्रामसभेचे अधिकार, वित्त आयोगाचा निधी, सगळं त्याला रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण गावच्या ग्रामसभेला तो कॉलेज सुटल्यापासून एकदाही गेला नव्हता. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक त्याने हातात धरलेलं नव्हतं. यात त्याचा दोष नाही, कारण परीक्षेला ते लागत नाही. पण चार रंगांच्या त्या वहीचं यादीबाहेर मोल काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. ज्या माणसाला पंचायत राज इतकं कळतं, त्याला त्या ज्ञानावर तालुक्याच्या गावी एकही काम मिळू नये, आणि त्याने आणखी एक वर्ष थांबून पुन्हा पूर्व परीक्षा द्यावी, हे कुणालाच विचित्र वाटू नये?

आकडे एकदा नीट पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० जणांनी अर्ज केले. प्रत्यक्ष पूर्व परीक्षेला बसले ५,९२,१४१. त्यातले मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीपर्यंत पोहोचले २,८५५ आणि शेवटच्या यादीत आले १,०१६. म्हणजे पूर्व दिलेल्या साधारण ५८० जणांमागे एक. हा आकडा सगळे सांगतात. पण या रांगेतल्या पायऱ्या एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, ते फारसं कुणी सांगत नाही. पूर्व परीक्षेतून चाळिसात एक पुढे जातो. मुख्य दिलेल्यांपैकी पाचात एकाला मुलाखतीचं बोलावणं येतं. मुलाखत दिलेल्यांपैकी मात्र जवळपास तिघांत एकाची निवड होते. म्हणून दोनदा मुलाखतीतून परत आलेली मुलगी आणि चार वेळा पूर्वमध्येच बऱ्याच फरकाने अडलेला मुलगा, दोघंही ‘अजून एक अटेम्प्ट’ असं म्हणतात तेव्हा ती एकच गोष्ट नसते. पहिलीला मी स्वतः सांगेन की थांबू नकोस, तू दारात उभी आहेस. दुसऱ्याला आपण सगळे मिळून तेच सांगतो, तेव्हा आपण त्याच्याशी खरं बोलत नसतो.

त्यातही दारात उभं राहिल्यावर नशीब किती मोठं होतं, हे कबूल करायला हवं. मुख्य परीक्षेचे १,७५० गुण आणि मुलाखतीचे २७५, एकूण २,०२५. यातली लेखी उत्तरं माणसं तपासतात आणि मुलाखतही माणसंच घेतात. शेवटच्या कटऑफच्या आसपास इतकी गर्दी असते की दोन-चार गुणांच्या अंतरात कितीतरी जण अडकलेले असतात. पॅनेल कुठलं मिळालं, वैकल्पिक विषयाचा पेपर त्या वर्षी कसा निघाला, यावर एखाद्याचं पुढचं सगळं आयुष्य फिरतं. आत गेलेला आणि बाहेर राहिलेला यांच्या चिकाटीत तसूभरही फरक नसतो. सत्काराच्या भाषणात हे म्हणायची पद्धत नाही. पण हे न म्हटल्याने बाहेर राहिलेल्याला वाटत राहतं की आपणच कुठेतरी कमी पडलो, आणखी दोन तास बसायला हवं होतं.

‘पाचव्या प्रयत्नात यश’ या बातमीचाही विचार करावा. ती खरीच असते. पण पाचव्या प्रयत्नात ज्यांना यश आलं नाही त्यांची बातमी होत नाही, त्यामुळे पाचव्यात साधारण किती जणांना मिळतं, हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही. यादीत आलेल्या प्रत्येकाने चिकाटी धरली होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं. चिकाटी धरली की यादीत येता येतं, हे त्यातून निघत नाही. क्लासच्या जाहिरातींनी हा गोंधळ अनेक वर्षं पोसला. एकाच यशस्वी उमेदवाराचा फोटो तीन-तीन क्लासच्या फलकांवर झळकायचा, आणि त्याने तिथे फक्त मुलाखतीचा सराव केला होता हे कुठेच लिहिलेलं नसायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवड झाल्यावर उमेदवाराची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो वापरता येणार नाही आणि त्याने कुठला अभ्यासक्रम घेतला होता ते सांगावं लागेल, असं आता बंधन आहे. चांगलं झालं. पण किती मुलांनी प्रवेश घेतला आणि त्यातली किती निवडली गेली, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापायची सक्ती होईल तेव्हा मला खरं समाधान वाटेल.

भाषणांतून हटकून येणारी ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ मूळ कुठून आली, तेही या निमित्ताने सांगायला हवं. भर्तृहरीच्या नीतिशतक या संस्कृत काव्याच्या वामन पंडितांनी केलेल्या मराठी अनुवादातला तो श्लोक प्रयत्नांची थोरवी गाण्यासाठी लिहिलेलाच नाही. वाळूतून तेल, मृगजळातून पाणी, सशाचं शिंग अशा अशक्य गोष्टींची ती यादी आहे. या गोष्टीही एकवेळ घडतील, पण मूर्खाची समजूत घालता येणार नाही, असं कवीला सांगायचं आहे. पहिली ओळ तेवढी आपण उचलली आणि शाळाशाळांच्या भिंतींवर रंगवली. वाळू रगडायला बसलेल्या मुलाला तेल निघेल असा धीर देण्याआधी, ती वाळू आहे की तीळ आहेत हे त्याच्याबरोबर बसून पाहणं आपलं काम होतं.

आता दुसरी बाजू. याच सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० साली ते सुरू करणाऱ्यांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे होते. राजवाड्यांची चिकाटी म्हणजे काय होती? गावोगाव फिरायचं, जुन्या वाड्यांतले दप्तरांचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडवून घ्यायचे, मोडी कागद वाचायचे, नकलून काढायचे. कुणी दाखवायचं, कुणी दारातूनच परत पाठवायचं. ना सरकारी नोकरी ना मोठा आश्रयदाता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड अशा फिरण्यातून उभे राहिले. पुढे मंडळातल्या लोकांशी त्यांचं बिनसलं, ते पुणं सोडून गेले आणि १९२६ च्या शेवटी धुळ्याला वारले. त्यांनी मनात धरलेलं सगळं काम काही पूर्ण झालं नाही. तरी पहिल्या वर्षी नकललेला कागद शेवटच्या वर्षी अपयश आलं म्हणून कोरा झाला नाही. तो आजही अभ्यासकाला लागतो.

त्याहून लख्ख उदाहरण र. धों. कर्व्यांचं. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. या कामापायी त्यांना १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले, तरीही निकाल विरुद्ध गेला. पैसा नव्हता, प्रतिष्ठा नव्हती, समाजाने त्यांना आपलं म्हटलं नाही. यशाच्या फ्लेक्सवर लिहिण्यासारखं त्यांच्या आयुष्यात काहीही घडलं नाही. पण दर महिन्याला अंक निघत होता. अंक वाचून कुठल्यातरी गावातली बाई त्यांना पत्र पाठवत होती आणि पुढच्या अंकात तिला उत्तर मिळत होतं. कर्व्यांना त्या बाईच्या उत्तरासाठी कुठल्या यादीची वाट पाहावी लागली नाही. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो कधी आलाच नसता, तरी कर्व्यांचं काम वाया गेलं असं म्हणता आलं नसतं.

अशा माणसांची नावं घेऊन आपण परीक्षेला बसणाऱ्या मुलांना धीर देतो, तेव्हा मोठी गफलत होते. राजवाडे आणि कर्वे रोज काम करत होते. अभ्यासिकेतला मुलगा रोज तयारी करतो, आणि ते काम त्याला करायला मिळणार की नाही हे दुसरं कुणी ठरवणार असतं. त्यात ते दुसरं कुणी वेळेवर ठरवेल याचीही खात्री नाही.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची २०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिलला व्हायची होती. करोनामुळे ती पुढे गेली, ते कुणीही समजून घेईल. पण ती पुन्हा पुन्हा पुढे जात राहिली. १४ मार्च २०२१ ही तारीख ठरली, आणि तीन दिवस आधी तीही रद्द केल्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. मग २१ मार्चला परीक्षा झाली. जवळजवळ वर्षभर मुलांनी एकाच पेपरासाठी तयारी ताजी ठेवायची, खोलीचं भाडं भरायचं, मेसचे पैसे भरायचे. त्याच काळात २०१९ च्या राज्यसेवेत निवड झालेले चारशेवर उमेदवार नियुक्तीपत्राची वाट पाहत घरी बसले होते. जून २०२० मध्ये निकाल लागूनही आरक्षणाच्या न्यायालयीन पेचामुळे त्यांचं वर्षाहून अधिक काळ अडलं. डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने खुल्या गटासाठी सहा आणि इतर मागासवर्गासाठी नऊ प्रयत्नांची मर्यादा जाहीर केली, आणि पुढे ती मागे घेतली. २०२२ मध्ये मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहून देण्याची, करायचं ठरलं, २०२३ च्या सुरुवातीला आंदोलन झालं आणि तो बदल २०२५ वर गेला. २५ ऑगस्ट २०२४ ला ठरलेल्या पूर्व परीक्षेच्याच दिवशी आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीची, परीक्षा आली म्हणून मुलांना पुन्हा रस्त्यावर बसावं लागलं. पूर्व परीक्षा झाली १ डिसेंबरला.

यातल्या प्रत्येक निर्णयामागे काही कारण होतं, हे मला मान्य आहे. वर्णनात्मक पद्धत मला स्वतःला योग्यच वाटते. पण सगळं एकत्र पाहिलं, की मुलांच्या चिकाटीवर किती विसंबून हा कारभार चालतो ते दिसतं. मुलं थांबतील, सहन करतील, आणखी सहा महिने काढतील, हे गृहीत धरलेलं आहे. सहा महिने म्हणजे बाविशीतल्या मुलाला काहीच वाटत नाहीत. एकतिशीतल्या माणसाला, ज्याचा धाकटा भाऊ शेती करून त्याचा खर्च भागवतोय, ते फार वाटतात. राज्यात खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. ही सवलत ज्यांना उशिरा संधी मिळाली त्यांच्यासाठी गरजेचीच आहे. पण ज्याला कुणी कधी थांबायचं ते सांगितलेलं नाही, त्याच्यासाठी हाच आकडा वाट पाहण्याची मुदत होऊन बसतो.

यावर मला नेहमी ऐकावं लागतं, ‘सर, मग करायचं काय? खासगीत आहे काय?’ हा प्रश्न टाळता येणार नाही. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या तालुक्यात पदवी घेतलेल्या मुलाला समोर काय दिसतं? ठेकेदारामार्फत मिळणारी, केव्हाही जाणारी, घरभाडंही भागणार नाही अशी नोकरी. पावसावर अवलंबून असलेली चार एकर शेती. लग्नाच्या बाजारात दोहोंनाही भाव नाही. अशा मुलाने सरकारी नोकरीमागे लागणं हा मूर्खपणा नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. पण तोच हिशेब आजूबाजूच्या सगळ्यांनी केलेला असतो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. ज्या कारणाने ही वाट शहाणपणाची ठरते, त्याच कारणाने ती इतकी तुंबते की तिच्यावरून बहुतेकांना परतच यावं लागणार. म्हणून परतीची वाट बांधणं हे सरकारचं काम आहे. मुलांना ‘नोकरीमागे धावू नका, उद्योजक व्हा’ असा उपदेश करणाऱ्या पुढाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्या तालुक्यात त्या मुलाला भांडवल द्यायला कुठलीही बँक दारात उभं करत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी अवघड होतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. कितीतरी मुलींसाठी ‘परीक्षेचा अभ्यास करतेय’ हे लग्न पुढे ढकलण्याचं घराने मान्य केलेलं एकमेव कारण असतं. पुण्यात खोली घेऊन राहायची, स्वतःचे पैसे स्वतः मोजायची, रात्री नऊला मैत्रिणींबरोबर चालत खोलीवर यायची मुभा तिला याच नावाखाली मिळालेली असते. वडील म्हणतात, ‘दोन वर्षं देतो, नाही झालं तर बघू मग.’ तेव्हा ‘बघू’ म्हणजे स्थळ बघू, हे तिला पक्कं ठाऊक असतं. एकीने मला सांगितलं होतं की पूर्वचा निकाल लागला त्याच संध्याकाळी घरी फोन केला तर आई आधी पाहुण्यांबद्दलच बोलली, गुणांबद्दल नंतर. अशा मुलीला ‘तुझे आकडे पाहता थांबावंस’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तिची चिकाटी पदासाठी जेवढी असते तेवढीच स्वतःच्या हातात आयुष्य राहावं यासाठी असते. पद न मिळताही तिला कमावतं, स्वतंत्र राहता येईल अशी दुसरी कुठली वाट तिच्या घराने मान्य केली असती, तर तिने आपलं बळ तिकडे लावलं असतं. तेव्हा मुलींना परीक्षा सोडायला सांगण्याआधी, परीक्षा सोडली तरी लग्नाची घाई करणार नाही, असा शब्द आईवडिलांनी द्यायला हवा. तोपर्यंत तिला चिकाटीचं शास्त्र शिकवायचा अधिकार मला तरी नाही.

सरकारने करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. वर्षाचं वेळापत्रक आयोग जाहीर करतोच. ते पाळायला हवं, आणि पाळता आलं नाही तर वयाची आणि प्रयत्नांची भरपाई आपोआप मिळायला हवी, त्यासाठी दर वेळी पुण्याच्या अलका चौकात आंदोलनाला बसावं लागू नये. जाहिरातीतल्या जागा आणि प्रत्यक्ष भरलेल्या जागा दर वर्षी एकाच तक्त्यात द्याव्यात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. न निवडलेल्यांच्या हाती काहीतरी द्यावं. केंद्रीय आयोगाने २०१८ पासून याची सुरुवात केली आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचून यादीत न आलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांची संमती असेल तर, नोकरी देणाऱ्या संस्थांना उपलब्ध होते. आता त्या व्यवस्थेला ‘प्रतिभा सेतू’ म्हणतात. महाराष्ट्राने हे मुलाखतीपुरतं न ठेवता मुख्य परीक्षेपर्यंत आणावं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता नऊ पेपरांची आणि वर्णनात्मक आहे. ती ठरावीक गुणांनी पार केलेल्या माणसाला कायदा, अर्थव्यवस्था, प्रशासन यांची जाण असते आणि मराठीत मुद्देसूद लिहिता येतं. जिल्हा मध्यवर्ती बँका, सहकारी संस्था, नगरपालिका, पाणी आणि शेतीवर काम करणाऱ्या संस्था यांना अशी माणसं हवीच असतात. त्या गुणपत्रिकेला सरकारी शिक्का आणि पाच वर्षांची वैधता द्यावी. तिच्यावर ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्याला मदत करणारी, मानधनाची, दोन-तीन वर्षांची पदं तालुक्याला निर्माण करावीत. परभणीच्या त्या मुलाच्या वहीतलं पंचायत राज तिथे कामाला येईल. असं झालं, तर चौथ्या वर्षी यादीत न येणाऱ्याला ती वर्षं कुठेतरी दाखवता येतील आणि परत फिरणं आजच्याइतकं जड जाणार नाही.

कुणी म्हणेल, थांबणं सोपं केलं तर मुलं लवकर सोडतील, आणि ज्यांना सहाव्या वेळी मिळालं असतं तेही तिसऱ्यातच परत जातील. काही जण जातीलही. पण आजही गरीब घरातली हुशार मुलं तिसऱ्याच वर्षी पैसे संपले म्हणून परत जातातच, आणि ज्यांच्या घरी पेन्शन किंवा बागायत आहे ती सातव्या वर्षापर्यंत थांबू शकतात. म्हणजे आज जी चिकाटी आपण गुण म्हणून मोजतो, तिच्यात बापाच्या ऐपतीचा मोठा वाटा आहे. हातात गुणपत्रिका आणि मानधनाचं काम असेल, तर त्याच गरीब मुलाला काम करत करत पुढचा प्रयत्न देता येईल. चिकाटीच वाचवायची असेल तर तिला खायला घालावं लागेल.

हे सगळं होईपर्यंत घरात काय करता येईल? सुरुवातीलाच, पहिला फॉर्म भरण्याआधी, मुलाने आणि आईवडिलांनी मिळून ठरवावं की किती प्रयत्न, कुठल्या पायरीपर्यंत, किती पैसे, आणि त्यानंतर काय. हे नंतर ठरत नाही. चार वर्षं घालवल्यावर ती चार वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पाचवं घालतो, आणि कुणाचं डोकं कितीही थंड असलं तरी त्या वेळी ते चालत नाही. दर निकालानंतर गुण कागदावर मांडून बसावं. मागच्या वेळेपेक्षा अंतर कमी झालं की वाढलं, ते पाहावं. तीन वेळा अंतर वाढतच गेलं असेल तर त्या मुलाची मेहनत कमी पडली असं धरू नये. गाडी बदलायची वेळ झाली आहे असं धरावं, आणि ती बदलताना घरात सुतक पाळू नये. परत आलेल्या मुलाला गावच्या कट्ट्यावर कुणी ‘काय साहेब, झालं का कलेक्टर?’ असं विचारलं, तर बापाने तिथल्या तिथे त्याची बाजू घ्यावी.

आणि फोनवर ‘यंदा होईल ना रे?’ असं विचारणं बंद करावं. त्याला उत्तर नसतं, मुलगा फक्त ‘हो’ म्हणतो आणि फोन ठेवल्यावर रात्रभर जागतो. पूर्वला किती गुणांनी गेलं, मुख्यला कुठला पेपर अडतोय, तुझ्याबरोबरच्यांनी काय ठरवलंय, पैसे कधीपर्यंत पुरतील, आणि तुला स्वतःला काय वाटतंय, हे विचारावं. आईवडील शिकलेले नसले तरी हे पाचही प्रश्न त्यांना विचारता येतात, आणि मुलाचं उत्तर ऐकायला त्यांच्याइतकं हक्काचं माणूस दुसरं नाही.